वरणाच्या रंगाचा जिना

बोर्ड फाटकावर चढवून झाला, दोरखंड सुटले, तेव्हा कुठे ते आमच्या लक्षात आलं. बोर्डाची डावी बाजू एका रंगाची होती आणि उजवी दुसऱ्या. मधोमध सरळ रेघ. त्यावर ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपले ध्येय एक’. त्यातलं ‘आपले ध्ये’ फिक्या भागावर होतं आणि ‘य एक’ पिवळ्या भागावर.

आम्ही खाली उभे राहून वर बघत होतो. शेवटी आमचे प्रॉडक्शन सुपरवायझर वाघमारे म्हणाले, “अक्षर मात्र लई झकास आलंय, साहेब.”

साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर कर्णिक. ते नुकतेच लोणावळ्याच्या एका मॅनेजमेंट शिबिरातून परतले होते. कारखान्यातल्या सगळ्यांचं एकच ‘व्हिजन’ असलं पाहिजे, हे तिथे त्यांना पटलं होतं. बोर्डाची कल्पना तिथलीच. रंग आमच्याच कारखान्याचा. दोन डबे, दोन्हींवर एकच शेड नंबर, दोन्हींवर माझ्या खात्याचा ‘पास’ असा शिक्का.

रेवा, तू परवा फोनवर म्हणालीस की तुला ऑफिसात टीम लीड केलंय आणि आता टीमचं ‘शेअर्ड व्हिजन’ तयार करायला सांगितलंय. ‘आजी, हे असतं तरी काय?’ असं विचारलंस. मागून ईशानही ‘सांग ना, आजी’ म्हणत हसत होता. त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही, कारण गॅसवर दूध होतं. आता सविस्तर लिहिते. ईशाननेही वाचावं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आमचा रंगाचा कारखाना तुर्भ्याच्या पुढे, ठाणे-बेलापूर रस्त्यावर होता. मूळ जुना कारखाना मुंबईत, हा नवा. वाशीचा पूल ओलांडून कंपनीची बस आम्हांला घेऊन यायची. मी शेड सेक्शनची प्रमुख होते. हे पद मिळालेली मी आमच्या कंपनीतली पहिली बाई. त्यामुळे मला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे आणि तेवढ्यावर ओळख पटायची.

शेड सेक्शनचं काम समजायला सोपं आहे. रंग आधी मिलमध्ये, म्हणजे दळायच्या यंत्रात, पांढरा बनतो. मग त्यात पिवळा, काळा, तांबडा असे गडद रंग थोडे थोडे घालून हवी ती छटा आणायची. याला टिंटिंग म्हणतात. छटा बरोबर आली की नाही हे ठरवायला एक नमुना असतो. लोखंडी पत्र्याच्या पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर रंग देऊन तो वाळवतात. इंग्रजीत त्याला स्टँडर्ड पॅनेल म्हणायचं. आमच्याकडे सगळे म्हणायचे ‘पत्रा’. नवा रंग पत्र्याशेजारी धरायचा, दोन्ही सारखे दिसले की पास.

या गोष्टीतली शेड क्रीम होती. कॅटलॉगमध्ये तिचं इंग्रजी नाव फार सुंदर होतं, पण ते कारखान्यात कोणी उच्चारलं नाही. पहिल्या दिवसापासून तिला ‘वरण’ म्हणत. “आज वरण किती ड्रम?” असं विचारलं की कॅन्टीनमधल्या नव्या माणसाला वाटायचं, कारखान्यात काही कार्य आहे.

तर त्या सकाळी बोर्डाखालून मी केबिनमध्ये आले, तोच फोन वाजला. लालवाणी होते. नेरूळला त्यांच्या मोठ्या वसाहतीचं काम चालू होतं. जिन्यांच्या भिंतींना आमचं वरण लागत होतं. पहिली इमारत झाली होती, बाकीच्या सगळ्या व्हायच्या होत्या.

“मॅडम, आप एक बार आके जिना देखो,” ते म्हणाले. आवाज शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “दुसऱ्या माळ्यापर्यंत एक कलर, तिसऱ्यापासून दुसरा. पब्लिक मला विचारते, मी काय सांगू?”

“बघते,” मी म्हटलं.

“शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर बाकीच्या बिल्डिंगचा रंग मी दुसरीकडून घेतो. बुरा मत मानना.”

शुक्रवारी मुंबईहून आमचे मोठे साहेब येणार होते. तेही याच कारणासाठी. तुर्भ्याला छटा जमत नाहीत, तिथला शेड सेक्शन बंद करावा आणि टिंटिंग पुन्हा मुंबईच्या जुन्या कारखान्यात न्यावं, असं हेड ऑफिसात कोणीतरी सुचवलं होतं. मला मुंबईत जागा मिळाली असती. माझ्या माणसांना नाही. ती बहुतेक आसपासच्या गावांतली होती. आमचे मुख्य टिंटर म्हात्रे तर कारखान्याच्या मागच्याच गावातले. नव्या शहरासाठी त्यांच्या घरची जमीन गेली होती. हातात उरली होती ही नोकरी. मुंबईला नवीन माणसं घेणार नव्हते, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

“बाई,” ते मला म्हणाले, “मना एकच सांगा. शुक्रवारनंतर मी हितं येनार हाय का नाय?”

“याल,” मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते ठाऊक नव्हतं.

दुपारी कर्णिकसाहेबांनी मीटिंग बोलावली. मी, वाघमारे, म्हात्रे आणि सेल्सचे शहा. कर्णिकांनी लोणावळ्याची फाइल उघडली आणि सगळ्यांना कोरे कागद वाटले.

“ही चूक शोधायची मीटिंग नाही,” ते म्हणाले. “आधी व्हिजन. आपल्याला काय साधायचंय ते प्रत्येकाने एका वाक्यात लिहा. एकमेकांचं बघू नका.”

“मी लिव्हत नाय, बोलून दाखवतो,” म्हात्रे म्हणाले. “शेड बरोबर आली पायजे. बास.”

बाकीच्यांनी लिहिलं. कर्णिकांनी एकेक कागद वाचला. शहांनी लिहिलं होतं, ‘राइट शेड, हॅपी क्लायंट’. मी लिहिलं होतं की प्रत्येक बॅच स्टँडर्डप्रमाणे असावी. वाघमाऱ्यांचं वाक्य होतं, ‘शेड पहिल्या फटक्यात जमली पाहिजे’, आणि खाली लहान अक्षरांत, ‘दुपारचा चहा गरम मिळावा’.

कर्णिकांचा चेहरा उजळला. “पाहा! चहा सोडला तर सगळ्यांचं व्हिजन एकच आहे!”

“मग बोर्ड असा कसा झाला?” मी विचारलं.

ते पुन्हा फाइलमध्ये बघू लागले. त्यात या प्रश्नाचं पान नव्हतं. तेवढ्यात शहा आणि वाघमारे यांची जुंपली.

“मी पहिल्यापासून बोलतोय, जरा लाइट करा, जरा लाइट करा,” शहा म्हणाले. “प्रत्येक बॅच पिवळी येते. पण सेल्सवाल्याचं ऐकतो कोण?”

“तुम्ही लाइट म्हणायलाव, म्हात्रे म्हणतेत अजून चढव. मी काय मिलमधी दोन पांढरे बनवू?” वाघमारे म्हणाले.

“माझा डोला चुकत नाय,” म्हात्रे म्हणाले. “मी पत्र्याला धरून पास करतो.”

“मी बी पत्र्यालाच धरतो की!”

“अरे, मी पण पत्रा बघूनच सांगतो ना!” शहा म्हणाले.

मला काहीतरी खटकलं. मी विचारलं, “वाघमारे, तुम्ही कुठला पत्रा बघता?”

“माझा.”

“म्हात्रे?”

“माझा.”

शहांनी गाडीच्या किल्लीला हात लावला.

याला थोडा मागचा इतिहास आहे. ही शेड पहिल्यांदा जमली तेव्हा आम्ही सगळे फार खूश झालो होतो. म्हात्र्यांनी त्याच डब्यातून चार-पाच पत्रे रंगवले. प्रसादासारखा एकेक पत्रा प्रत्येकाने घेतला. अधिकृत पत्रा माझ्या लॅबच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मी जेवायला गेले, मुंबईला मीटिंगला गेले, की पत्राही गेला. त्यामुळे जो तो आपापल्या पत्र्यावर काम भागवत होता. मी हजर असले की माझ्या पत्र्यावर बॅच पास व्हायची, मी नसले की म्हात्र्यांच्या; शहांनी फार आरडाओरडा केला तर त्यांच्या. हे असं मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. सगळे पत्रे एकाच डब्यातले तर होते!

“सगळ्यांनी आपापले पत्रे घेऊन उत्तरेच्या व्हरांड्यात या,” मी म्हटलं. “आत्ता.”

उत्तरेचा व्हरांडा म्हणजे आमची रंग बघायची जागा. तिथे थेट ऊन कधीच येत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर साधारण सारखा राहतो. रंगवाल्याला असा उजेड लागतो. मी एका बाकावर पांढरा कागद अंथरला.

वाघमारे आधी आले. त्यांचा पत्रा मिलच्या खांबाला खिळ्याने ठोकलेला असायचा. तिथे दिवसभर तेलाची वाफ आणि पावडरची धूळ. पण वाघमारे टापटिपीचे. रोज सकाळी ते थिनरच्या फडक्याने पत्रा पुसत. रोज पुसून पुसून वरची चकाकी गेली होती आणि रंग करडट झाला होता. “एक डाग दावा,” ते अभिमानाने म्हणाले. खरोखरच डाग नव्हता. कोपऱ्यात रंगही नव्हता.

शहांचा पत्रा कंपनीच्या फियाटमध्ये डॅशबोर्डवर असे, अंबामातेच्या तसबिरीशेजारी. क्लायंटला दाखवायला हाताशी. उन्हाने तो इतका उडाला होता की वरणाचं ताक झालं होतं.

“म्हणून तुम्हांला सगळ्या बॅच पिवळ्या दिसतात,” मी म्हटलं.

“मॅडम, कदाचित बॅच पिवळ्याच असतील,” शहा म्हणाले. सेल्सचा माणूस असा सहजासहजी हार मानत नाही.

कर्णिकांचाही एक पत्रा आहे हे तेव्हाच कळलं. तो त्यांच्या टेबलावरच्या जाड हिरवट काचेखाली होता. आजवर त्यांनी तो काचेतूनच पाहिला होता आणि काचेतूनच मतं दिली होती. काच उचलली, तर पत्रा काचेलाच चिकटून वर आला. ओढून काढला तेव्हा अर्धा रंग काचेवर राहिला. तो अर्धा पत्रा त्यांनी बाकावर ठेवला आणि एक पाऊल मागे सरकले.

म्हात्र्यांनी आपला पत्रा रुमालातून काढला तेव्हा मात्र आम्ही सगळेच पुढे वाकलो. तो पिवळाधमक होता. आंब्याच्या रसासारखा.

“म्हात्रे, हे काय?”

“काय म्हंजे? पत्रा.”

“एवढा पिवळा कसा?”

“व्हता तसाच हाय.”

वाघमाऱ्यांनी पत्रा उचलून नाकाशी नेला. “बाई, याला हळदीचा वास यायलाय.”

मग उलगडा झाला. म्हात्रे पत्रा आपल्या लॉकरमध्ये एकविरेच्या तसबिरीमागे ठेवत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा असायची. मिलवाले मिलला हळदकुंकू वाहायचे, फिटर पान्यांना. म्हात्र्यांचं हत्यार म्हणजे त्यांचा पत्रा. दर वर्षी त्याला हळद लागायची, दुसऱ्या दिवशी ते ती हलक्या हाताने पुसायचे. पुसताना ती सगळीकडे सारखी पसरायची.

“म्हणजे आपण नेरूळच्या तिसऱ्या मजल्याला हळद लावली!” शहा ओरडले.

“शुभच हाय ना मग,” म्हात्रे म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली गेला होता.

राहिला माझा. मी तो शेवटी आणला, कारण मला वाटत होतं, आता या सगळ्यांना खरी शेड कळेल. ब्राउन पेपरचं पाकीट, त्यावर टाइप केलेलं लेबल, आत बटर पेपर. उन्हाचा कण नाही, धुळीचा कण नाही. मी पत्रा काढून बाकावर ठेवला.

तो म्हात्र्यांच्या पत्र्याएवढा नाही, पण चांगलाच पिवळा होता.

तेलाचा रंग अंधारात ठेवला की पिवळा पडतो. हे मी दर वर्षी नव्या ट्रेनींना फळ्यावर लिहून शिकवत असे. त्या दिवशी कोणी मला त्याची आठवण करून दिली नाही. वाघमारे फक्त म्हणाले, “पाकीट मात्र लई झकास हाय, बाई.”

बाकावर एकाच डब्यातून निघालेले पाच पत्रे होते आणि त्यांत दोनसुद्धा एकसारखे नव्हते. माणसाच्या डोळ्याचं असं आहे की दोन रंग शेजारी असले तरच त्याला फरक कळतो. वेगवेगळ्या खोल्यांत असले की दोन्ही सारखेच वाटतात. आणि आमचे पत्रे रंगवल्या दिवसापासून एकदाही शेजारी आले नव्हते.

आता भांडण सुरू झालं ते यांतला खरा कुठला यावर. प्रत्येकाला आपल्याच पत्र्यात मूळ वरण दिसत होतं. कर्णिक म्हणाले, बहुमत घेऊ. पण पाच माणसं आणि पाच पत्रे असताना बहुमत कसलं! मी म्हटलं, “हे इथे ठरायचं नाही. हा रंग जिन्यात लागणार आहे. जिन्यात जाऊन बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हात्र्यांनी प्रत्येक पत्र्याबरहुकूम एकेक छोटा डबा तयार केला. लालवाणींच्या पेंटरने नेरूळच्या जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या भिंतीवर त्याचे पाच चौकोन मारले. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून ते रात्रभर वाळू दिले. डब्यांवर मी नुसते आकडे टाकले होते, त्यामुळे कुठला चौकोन कोणाचा हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या सकाळी कंपनीच्या मॅटॅडोर व्हॅनमधून आम्ही सगळे नेरूळला गेलो. तेव्हाचं नेरूळ म्हणजे निम्म्या इमारती, निम्मे खड्डे आणि एक चहाची टपरी. लालवाणी जिन्यातच खुर्ची टाकून बसले होते. आम्ही जिना चढू लागलो तशी दारं उघडू लागली.

“तुम्हीच का ते रंगवाले?” तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या. “खालच्यांना चांगला रंग आणि आम्हांला उरलासुरला पिवळा? आम्ही काय कमी पैसे भरलेत?”

“अहो, उलट आहे!” खालून एक बनियनमधले गृहस्थ वर आले. “तुम्हांला ताजा मारलाय. आमचा बघा, कसा जुनाट दिसतो. लालवाणींनी आम्हांला पहिल्यापासून असंच वागवलंय.”

“दोन दिन से यही चल रहा है,” लालवाणी मला म्हणाले. “दोघांना वाटते, दुसऱ्याला चांगला मिळाला.”

मी आमच्या लोकांना भिंतीसमोर उभं केलं. जिन्याला सिमेंटची जाळी होती, तिच्यातून मऊसा उजेड येत होता. “आपापला रंग ओळखा,” मी म्हटलं. “ज्याला आपला ओळखता येईल त्याचा पत्रा खरा धरू.”

म्हात्रे लगेच पुढे झाले. त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. “ह्यो! डोले मिटून सांगतो, ह्यो माझा.”

“तो वाघमाऱ्यांचा आहे,” मी म्हटलं.

वाघमारे खो खो हसले. मग त्यांनी बराच वेळ निरखून, मान तिरकी करून, आपला म्हणून जो दाखवला तो शहांचा निघाला. कर्णिकांनी म्हात्र्यांच्या हळदीसमोर उभं राहून सांगितलं, “हाच माझा. यात एक प्रसन्नता आहे.” आणि वर्षानुवर्षं ‘लाइट करा’ म्हणणाऱ्या शहांनी माझ्या पिवळ्या चौकोनावर हात ठेवला. “हंड्रेड परसेंट. क्लायंटला हेच पायजे.”

“शहाभाई, मैं क्लायंट हूं,” लालवाणी मागून म्हणाले. “मला विचारा ना कोणी.”

सगळे हसले. कणकेच्या हातांच्या बाईसुद्धा. मला माझा चौकोन ओळखू आला, तो केवळ तो कुठला हे मला माहीत होतं म्हणून. माहीत नसतं तर मी तो सगळ्यांत शेवटी निवडला असता.

हसून झाल्यावर कोणीच आपल्या पत्र्याबद्दल बोलेना. ज्या पत्र्यासाठी दोन दिवसांपूर्वी आवाज चढले होते, तो सोडून प्रत्येकाने दुसऱ्याचाच आपला म्हणून दाखवला होता. मूळ वरण आता कुठेच शिल्लक नव्हतं. ते परत मिळणार नव्हतं. मी म्हटलं, “आता नवीन बनवू. इथेच. सगळ्यांसमोर. लालवाणीसाहेब, तुम्हीही उठा.”

पांढऱ्याचा डबा आणि टिंटिंगचं सामान मॅटॅडोरमध्ये होतंच. म्हात्रे जिन्याच्या पायरीवर बसले. पिवळा थोडा, ढवळ. भिंतीला बोट लाव, बघ. काळ्याचं टोक, ढवळ. आम्ही सगळे त्यांच्याभोवती. वरच्या कठड्यावरून बिऱ्हाडं वाकून बघत होती.

“अजून जरा,” कर्णिक म्हणाले.

“थांबा, बगू द्या,” वाघमारे म्हणाले. “म्हात्रे, सुकल्यावर चढतो ना?”

“चढतो. म्हनून तर हात राखून टाकतो.”

आणखी थोडं ढवळून झालं आणि म्हात्र्यांनी भिंतीला बोट लावलं.

“बास,” वाघमारे म्हणाले.

“बास,” मी आणि कर्णिक म्हणालो. म्हात्र्यांनी ढवळायची काठी खाली ठेवली होती. खालचे बनियनवाले गृहस्थही “हां, हा ठीक” म्हणाले.

“जरा लाइट...” शहांनी सुरुवात केली.

“रहने दो, भाई,” लालवाणींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मेरा जिना है.”

त्या डब्यातून जिन्यात एक मोठा चौकोन मारला आणि एक नवा पत्रा रंगवला. एकच. मागच्या बाजूला सगळ्यांनी सह्या केल्या, लालवाणींनी सिंधीत. जुने पत्रे गोळा करून मी ते रंग काढायच्या द्रावणात टाकणार होते. वाघमाऱ्यांनी आपला दिला, शहांनी दिला, कर्णिकांचा अर्धाच होता. म्हात्रे मात्र रुमाल सोडेनात.

“बाई, याची पूजा केलेली हाय. ह्यो मी असा ॲसिडमधी टाकू?”

ॲसिड नव्हतं ते, पण मुद्दा बरोबर होता. मी विचारलं, “मग काय करू या?”

त्यांनी रुमालाची गाठ आवळली. “खाडीत सोडतो,” ते म्हणाले. “गनपतीसारका.”

त्या संध्याकाळी त्यांनी तो खाडीत विसर्जित केला. पुढच्या दसऱ्यापासून हळदकुंकू टिंटिंगच्या टेबलाच्या पायाला लागायचं ठरलं, पत्र्याला नाही. हेही त्यांनीच सुचवलं.

शुक्रवारी सकाळी लालवाणींचा फोन आला. चौकोन वाळला होता, जिन्यातली दोन्ही बिऱ्हाडं त्याच्या बाजूने होती, आता ती लिफ्टवरून भांडत होती. “पुढचा माल याच शेडमध्ये द्या,” ते म्हणाले. “पहिला जिना मात्र फुकट रंगवून पायजे.” शहांनी ते तिथल्या तिथे कबूल केलं. कोणाला विचारलं नाही, आणि पहिल्यांदाच त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

या सगळ्या गडबडीत फाटकावरचा बोर्ड आम्ही साफ विसरलो होतो. मोठे साहेब गाडीतून उतरले, त्यांनी मान वर केली आणि ते तिथेच थांबले. लालवाणींचा होकार आमच्या हातात होता, पण साहेब आत येऊन तो ऐकतील तर ना!

“कर्णिक,” ते इंग्रजीत म्हणाले, “हा बोर्ड दोन रंगांचा का आहे?”

कर्णिकांनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा म्हात्र्यांकडे. म्हात्रे हातात नवा पत्रा घेऊन दारात उभे होते. मग कर्णिक अगदी शांतपणे म्हणाले, “सर, ही आमची आधीची अवस्था आहे. मुद्दाम सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवली आहे. नंतरची आत बघायला चला.”

लोणावळ्याला तीन दिवस शिकवलं ते त्या एका वाक्यात वसूल झालं.

साहेब आत आले. मी त्यांना उत्तरेच्या व्हरांड्यात नेलं. नव्या पत्र्याबरहुकूम केलेल्या पहिल्या बॅच आणि तो पत्रा शेजारी शेजारी मांडला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “हे कोणी पास केलं?”

“सगळ्यांनी,” मी म्हटलं.

“एकाच वेळी?”

“एकाच जागी उभं राहून.”

शेड सेक्शन तुर्भ्यालाच राहिला. म्हात्रे तिथूनच रिटायर झाले, माझ्यानंतर. बोर्ड रंगवायचा मी दोनदा आग्रह धरला, पण मोठ्या साहेबांना तो इतका आवडला होता की त्याला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. मी निवृत्त होईपर्यंत तो तसाच दोन रंगांचा होता. नव्या माणसांना वाटायचं, कंपनीची ती स्टाइल आहे.

आणखी एक नियम आम्ही केला. नवा पत्रा व्हरांड्यातल्या उघड्या फळीवर राहायचा, कुलूप नाही. आणि तो बदलू लागायच्या आत, ठरावीक काळाने, आम्ही सगळे पुन्हा एकत्र उभे राहून दुसरा बनवायचो. प्रत्येक वेळी शहा म्हणायचे, “जरा लाइट.” प्रत्येक वेळी आम्ही त्यांना म्हणायचो, “रहने दो, भाई.” कधी कधी ते बरोबरही असायचे. तेव्हा थोडं लाइट करायचो.

तर रेवा, तुझ्या टीमला ‘ध्येय पटलं का’ असं विचारू नकोस. सगळे हो म्हणतील, आणि अगदी मनापासून म्हणतील. त्यापेक्षा प्रत्येकाला आपापला पत्रा काढून बाकावर ठेवायला सांग. सुरुवात तुझ्यापासून कर. आणि तुझा जर छान लेबल लावलेल्या पाकिटात असेल, तर आधी तो उजेडात धरून बघ.